लघुप्रबंध, चार बाइंडिंग आणि १८४८ ची एक सभा

एम.ए.चा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या केंद्रातल्या, म्हणजे शेजारच्या शाळागटातल्या, एका शिक्षिका मॅडमचा फोन आला. अभिनंदन वगैरे झालं आणि मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं, "मॅडम, त्या मुंबईच्या पुराभिलेखागारात आपल्यासारख्यांना आत सोडतात का हो?" पुराभिलेखागार म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचं भांडार. वर्षभरापूर्वी मलाही हाच प्रश्न पडला होता आणि विचारायला कुणी नव्हतं. फोनवर अर्धा तास सांगूनही निम्मं राहिलं, म्हणून हे सगळं लिहून काढते आहे.

मी पाटण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पट ३१, वर्ग पहिली ते चौथी. दूरशिक्षणातून एम.ए. शिक्षणशास्त्र करत होते आणि दुसऱ्या वर्षाला लघुप्रबंध होता. सोबतच्या बहुतेकांनी 'इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांच्या गणितातील चुका' या धर्तीचे विषय घेतले. प्रश्नावली वाटायची, टक्केवारी काढायची, दोन महिन्यांत मोकळं. शहाणपणाचं तेच होतं. मला मात्र एक जुना सल होता.

२००५ साली मी डी.एड.ला होते. आमच्या अध्यापक विद्यालयात 'वाङ्मय व वादविवाद मंडळ' होतं, म्हणजे वर्षातून एकदा त्याचं उद्घाटन व्हायचं. माझ्या वर्षी विषय होता 'दूरदर्शन: शाप की वरदान'. मी विरोधी बाजूनं उभी राहिले, "अध्यक्ष महाराज, पूज्य गुरुजनवर्ग" एवढं म्हणाले आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. समोर दोनशे डोळे. "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते" असं म्हणून खाली बसले, आणि खरोखर दोनच शब्द झाले होते. फायलीतल्या फोटोत मी माइकसमोर उभी आहे. फोटोत आवाज येत नाही हे बरंच.

तर अशी मंडळं मुळात आली कुठून, शिक्षक व्हायला निघालेल्या मुलांना वादविवाद करायला लावायचं कुणाच्या डोक्यात आलं, हे मला बघायचं होतं. शीर्षक लांबलचक केलं: 'एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्यातील शिक्षक-प्रशिक्षण व विद्यार्थ्यांच्या वाङ्मय-वादविवाद सभा: एक ऐतिहासिक अभ्यास'.

१६ जुलै २०२३, रविवार. संपर्कसत्रात मार्गदर्शक सरांपुढे आराखडा ठेवला. सात पानं होती. सरांनी तिसऱ्या पानावर लाल पेनानं एक गोल काढला आणि वही माझ्याकडे सरकवली. मी लिहिलं होतं, 'बाळशास्त्री जांभेकर यांच्या मार्गदर्शनाखाली १८४८ साली विद्यार्थ्यांच्या सभा सुरू झाल्या.' एका गाइडमधून उचललेलं वाक्य.

"बाई, बाळशास्त्री वारले कधी?"

मला सांगता येईना.

"१८४६ साली. मेलेल्या माणसाला दोन वर्षांनी सभेत बसवलंत तुम्ही."

सगळे हसले, मीही हसले, पण एस.टी.त बसल्यावर डोळ्यांत पाणी आलं. ह्यांना फोन केला तर हे म्हणाले, "मग त्यांच्या जागेवर कोण आलं ते बघ की." वैतागून बोललेलं वाक्य होतं ते, पण पुढे सगळा प्रबंध त्याच्यावरच उभा राहिला.

आराखडा समितीनंही परत पाठवला. शेरा होता: 'नमुना निवड व परिकल्पना नमूद नाही.' ऐतिहासिक संशोधनात नमुना कुठून आणू? सरांनीच तोड सांगितली. परिकल्पनेच्या जागी 'संशोधन प्रश्न' असं शीर्षक द्या, नमुन्याच्या जागी 'प्राथमिक साधने' आणि 'दुय्यम साधने' अशा दोन याद्या द्या, आणि 'बाह्य परीक्षण' व 'अंतर्गत परीक्षण' हे दोन शब्द कुठेतरी येऊ द्या. कागद अस्सल आहे का ते बाह्य परीक्षण, आणि त्यात लिहिलेलं खरं मानायचं का ते अंतर्गत. ऐतिहासिक विषय घेणार असाल तर हे पहिल्या खेपेलाच करा, दोन महिने वाचतील. मी २० ऑगस्टला पुन्हा दिला आणि २७ सप्टेंबरला मंजुरीचं पत्र आलं.

मधल्या काळात दुसरी फाइल फिरत होती. उच्च शिक्षणासाठीची पूर्वपरवानगी मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी अशी 'मार्फत' जाते. प्रवेश घेतानाच ती घ्यायची असते. मी घेतली होती, पण पत्राची प्रत कुणाकडेच सापडेना. जावक क्रमांक माझ्या डायरीत होता म्हणून वाचले. कुठलाही कागद देताना पोच घ्या आणि क्रमांक लिहून ठेवा, एवढं तरी माझं ऐका.

ऑक्टोबरच्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, माझं जुनं अध्यापक विद्यालय बघायला गेले. ते आता बंद आहे. शिक्षकभरती थांबली तशी मुलं येईनाशी झाली आणि त्या वर्षांत राज्यभर जी अनेक डी.एड. कॉलेजं मिटली त्यातलंच हेही एक. पूर्वीच्या शिपाईमामांनी कपाट उघडून दिलं. मंडळाच्या इतिवृत्ताच्या अकरा वह्या होत्या. मी जमिनीवर बसून सगळ्या वाचल्या आणि वाचायला फार वेळ लागला नाही, कारण अकराही वर्षं तोच मजकूर होता. 'प्रतिमापूजन व दीपप्रज्वलन करण्यात आले. मान्यवरांनी समयोचित भाषण केले. कार्यक्रम खेळीमेळीच्या वातावरणात पार पडला. आभारप्रदर्शन होऊन चहापानाने सांगता झाली.' कोण काय बोललं, कुणाचा मुद्दा कुणी खोडला, याचा एक शब्द नाही. माझी फजिती तरी लिहिलेली असावी असं वाटलं होतं. माझ्या वर्षीही खेळीमेळीच होती.

मुंबईसाठी दिवाळीची सुट्टी धरली. किरकोळ रजा मी जपून ठेवली होती, कारण द्विशिक्षकी शाळेत एकानं रजा घेतली की दुसऱ्याच्या डोक्यावर चारही वर्ग येतात. भाऊबीज उरकून १६ नोव्हेंबरला निघाले. एस.टी.त बायकांना त्याच वर्षीच्या मार्चपासून अर्धं तिकीट झालं होतं, त्याचा मला या प्रबंधात जेवढा उपयोग झाला तेवढा कुठल्या शिष्यवृत्तीचा झाला नसता. मुक्काम डोंबिवलीला मावसबहिणीकडे. मुलीला आत्यांजवळ, म्हणजे सासूबाईंजवळ, ठेवलं होतं. रोज सकाळी लोकल, सीएसएमटीला उतरायचं आणि काळा घोड्यापर्यंत चालायचं.

महाराष्ट्राचं पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोर. मी १८४८ च्या ज्या सभेच्या मागावर होते ती एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनचीच, त्यामुळे पायऱ्या चढताना छाती धडधडत होती. 'इथंच ते जमले असतील' असं वाटलं. नंतर वाचलं की ही इमारत १८८८ ची, म्हणजे सभेनंतर चाळीस वर्षांनी उभी राहिलेली. धडधड फुकट गेली.

तर मॅडम, आत सोडतात. आपल्यासारख्यांनाही. मार्गदर्शकांचं शिफारसपत्र, आधारची प्रत, दोन फोटो आणि विषय नेमका सांगणारा अर्ज एवढं मी नेलं होतं आणि तेवढ्यावर काम झालं. पत्रावर संस्थेचा गोल शिक्का आणि तारीख असू द्या. अर्जात 'शिक्षणविषयक कागद' असं मोघम लिहिलं तर समोरच्या माणसालाही मदत करता येत नाही, म्हणून वर्षं आणि खात्याचं नाव लिहा. मला हवं होतं 'बोर्ड ऑफ एज्युकेशन, १८४० ते १८५५', म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्याच्या शिक्षणमंडळाचे अहवाल. मागणीची चिठ्ठी भरल्यावर ग्रंथ यायला वेळ लागतो. तेवढ्यात पुढच्या चिठ्ठ्या भरून ठेवायच्या, हे मला शेजारी बसलेल्या एका पीएच.डी.च्या मुलानं सांगितलं. पाण्याची बाटली बाहेर, पेनऐवजी पेन्सिल, आणि मोबाइलनं फोटो काढलेले चालतात का हे आधी विचारायचं. नियम जागोजागी वेगळे असतात.

पहिला ग्रंथ आला तो पांढऱ्या नाडीनं बांधलेला होता, कारण पाठीचा कणा निघालेला. नाडी सोडली तर टेबलावर तपकिरी भुगा पडला. मी तो हातानं झाडणार होते, पण तिथल्या ताईंनी हात धरला. "मॅडम, झाडू नका. तो कागदच आहे." मग पान उलटायचं ते वरच्या कोपऱ्यातून, तळहात खाली देऊन, तान्ह्या बाळाची मान धरतो तसं. त्या दिवशी दुपारपर्यंत माझी २६ पानं झाली.

या अहवालांच्या परिशिष्टांत तक्तेच तक्ते आहेत. शाळा, पट, खर्च, परीक्षेचे प्रश्न. आपल्या यू-डायसचे, म्हणजे शाळा दरवर्षी सरकारला भरून देतात त्या माहितीचे, खापरपणजोबा म्हणायला हरकत नाही. आणि तिथं पहिले दोन दिवस मला जांभेकर सापडेचनात. तिसऱ्या दिवशी ट्यूब पेटली. इंग्रजी अहवालांत त्यांना आडनावच नाही, ते 'बाल गंगाधर शास्त्री' आहेत. व्याकरणकार तर्खडकर शोधलं तर तेही नाहीत, ते नुसते 'दादोबा पांडुरंग'. स्पेलिंगही त्या काळचं, आज आपण ऱ्हस्व उकार जिथं साध्या अक्षरानं लिहितो तिथं त्यांचे दोन-दोन 'ओ'. जुन्या कागदांत माणूस शोधताना आडनाव सोडा आणि नाव व वडिलांचं नाव धरा. ही एक गोष्ट आधी कळली असती तर माझे दोन दिवस, लोकलची चार तिकिटं आणि बरीच चिडचिड वाचली असती.

आता जे सापडलं ते सांगते. शिक्षक घडवायची गरज इंग्रजांना आधीच कळली होती, १८२६ सालीच २४ शिक्षक तयार करून दख्खन, कोकण आणि गुजरातेत पाठवले होते. पण रीतसर 'नॉर्मल क्लास' एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये सुरू झाला तो १८४५ साली. नॉर्मल क्लास म्हणजे आपल्या डी.एड.चा मूळपुरुष. त्याचे प्रमुख बाळशास्त्री, आणि वर्षभरातच, मे १८४६ मध्ये, ते गेले. वय पस्तिशीच्या आत. त्यांच्या जागी आले दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांना आपण मराठीचे पाणिनी म्हणतो ते. त्यांचं व्याकरण १८३६ सालीच छापलेलं होतं.

१३ जून १८४८ ला त्याच इन्स्टिट्यूशनच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. अध्यक्ष प्रोफेसर पॅटन. तरुण सभासदांत दादाभाई नौरोजी होते. निबंध वाचायचा आणि मग त्यावर बोलायचं, असं काम. पण ते इंग्रजीत चालायचं, म्हणून मग देशी भाषांच्या शाखा निघाल्या. मराठी शाखेचं नाव 'उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा', आणि तिचे पहिले अध्यक्ष दादोबा पांडुरंग.

हे ज्या क्षणी जुळलं तेव्हा मी एका ग्रंथालयाच्या जिन्यात उभी राहून वडापाव खात होते आणि वहीतली दोन पानं शेजारी शेजारी धरली होती. एका पानावर नॉर्मल क्लास, दुसऱ्यावर सभा. दोन्हीकडे माणूस एकच. जो दिवसा शिक्षक घडवत होता तोच मराठी सभेच्या खुर्चीत बसत होता. मेलेल्या माणसाच्या जागेवर कोण आलं याचं उत्तर मला मिळालं होतं, आणि शेजारी सांगायला कुणीच नव्हतं. ह्यांना फोन लावला. हे बाजारात होते. "बरं झालं," म्हणाले, "येताना मुलीला रंगपेटी आण."

त्याहून मला जिव्हाळ्याची वाटली ती पुढच्या वर्षाची गोष्ट. १८४९ साली सोसायटीत बेहरामजी गांधी या सभासदानं मुलींच्या शिक्षणावर निबंध वाचला. आमच्याकडे असता तर टाळ्या, आभार, चहा. तिथं पॅटनसाहेबांनी विचारलं की नुसतं बोलायचं आहे की काही करायचंही आहे. आणि त्या पोरांनी शाळा काढल्या. ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली घेऊन. शिकवणारे हेच सभासद, बिनपगारी, सकाळी, स्वतःचे तास सुरू व्हायच्या आधी. दादाभाईंनी म्हातारपणी या दिवसांची आठवण लिहिली आहे. दारोदार हिंडून मुली मागायच्या, कुणी आपल्या व्हरांड्यात बसू दिलं की भिंतीला लिहायचे फळे टांगायचे आणि वर्ग सुरू. काही बाप तर पायऱ्यांवरून खाली फेकून देण्याची धमकी द्यायचे. मराठी मुलींच्या शाळांना नाना शंकरशेटांचा आधार मिळाला.

मी डी.एड.ला जे सराव पाठ दिले ते आठवले. पाठ टाचण तीन रंगांत, मागच्या बाकावर निरीक्षक, तक्ता टांगायला आधीच ठोकलेला खिळा. आम्हाला कुणी पायऱ्यांवरून फेकणार नव्हतं, आणि तरी माझे पाय लटपटायचे.

त्याच १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंची शाळा सुरू झाली होती, आणि तिथं जोखीम कितीतरी पटींनी मोठी होती. मुंबईच्या मुलांमागे प्रोफेसर होते, शेठ होते. पुण्यात शेणगोळे होते. प्रबंधात मी हे अर्ध्या पानात लिहिलं. सर म्हणाले विषय भरकटतो, तरी मी ते काढलं नाही.

मुंबईतला एक दिवस पूर्ण वाया गेला. एका जुन्या ग्रंथालयात मी आधी फोन करून गेले होते. गेल्यावर कळलं, संदर्भ विभागाची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते दिवाळीच्या रजेवर. सभासद नसल्यामुळे ₹५०० अनामत मात्र पहिल्या दिवशीच घेतली होती. दुसऱ्यांदा गेले तेव्हा किल्ली होती आणि 'मराठी ज्ञानप्रसारक'चे काही अंक मिळाले. उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचं हे मासिक १८५० ते १८६७ चाललं. तिथंच 'दोलामुद्रित' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. दोला म्हणजे पाळणा. १८६७ पर्यंत छापलेल्या मराठी पुस्तकांना दोलामुद्रितं म्हणतात, छपाई अजून पाळण्यात होती तेव्हाची. ज्या माणसाला हा शब्द सुचला त्याला माझा नमस्कार. कुठल्या वर्षी काय छापलं गेलं हे बघायला दाते सूचीपासून, म्हणजे दात्यांनी केलेल्या मराठी ग्रंथांच्या यादीपासून, सुरुवात करा, ती जिल्ह्याच्या मोठ्या ग्रंथालयांतही मिळते. आधी सूची, मग प्रवास. मी उलटं केलं.

आणि आता जे सांगायला जीव जड होतो ते. पाटणला परत आल्यावर, डिसेंबरात एका रात्री, आत्यांच्या खोलीत बसून मोबाइलवर सहज शोधत होते. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे बरेचसे अहवाल इंटरनेटवर स्कॅन करून ठेवलेले आहेत. फुकट. ज्याच्यासाठी मी भुगा उडू नये म्हणून श्वास धरून बसले होते, ते पान अंगठ्यानं मोठं करून बघता येत होतं. थोडा वेळ सुन्न बसले. मग वाटलं, आडनाव सोडायची युक्ती मला त्या भुग्यानंच शिकवली, नाहीतर इथंही 'जांभेकर' टाकून 'काही सापडले नाही' असंच आलं असतं. स्वतःची समजूत काढायला एवढं पुरलं.

प्रबंधातलं पुण्यावरचं प्रकरण मी नऊ पानांत गुंडाळलं. १८६५ च्या सुमारास पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख झाले कृष्णशास्त्री चिपळूणकर. त्यांच्याकडे 'शालापत्रक' हे शिक्षकांचं मासिक होतं. पुढे ते मुलाकडे, विष्णुशास्त्र्यांकडे आलं, आणि टीका बोचायला लागली तसं १८७५ साली सरकारनं बंद केलं. ट्रेनिंग कॉलेजच्या सावलीतलं मासिक सरकारला टोचावं इतकं धारदार होतं, ही गोष्ट मी आमच्या केंद्रात दोघातिघांना सांगितली. सगळ्यांनी आधी आजूबाजूला बघितलं आणि मग हसले.

लिहायला जानेवारी ठरवला होता. जानेवारीच्या शेवटी मराठा समाजाचं सर्वेक्षण लागलं. २३ तारखेपासून आम्ही मोबाइल अ‍ॅप घेऊन घरोघर. एका आजींनी विचारलं, "बाई, पोरी मागायला आलाय का?" त्यांना पटनोंदणी म्हणायचं होतं. मला मात्र दादाभाई आठवले आणि मी दारातच हसत सुटले. प्रश्नावली लांबलचक, नेटवर्क नाही, तो पंधरवडा गेला.

फेब्रुवारी आणि मार्च रात्री नऊ ते बारा. हातानं लिहिलं आणि टायपिंगला दिलं, ही चूक. टायपिस्टकडे जुना फाँट, विद्यापीठाला युनिकोड हवा. रूपांतर केल्यावर सगळे रफार आणि जोडाक्षरं फुटली. 'ट्रेनिंग'चं 'ट्ेनिंग', 'सर्व'चं 'सवर्'. ११२ पानं मी चार रात्री बसून एकेक शब्द दुरुस्त केली. तुम्ही पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाइप करा, मोबाइलवर बोलून केलं तरी चालेल. वाङ्मयचौर्य तपासणीचं प्रमाणपत्रही लागतं. माझ्या अहवालात उताऱ्यांचं अवतरणचिन्हांतलं साम्य धरून १४ टक्के आलं, सरांनी ते समजून घेऊन सही केली.

खर्च विचारतात म्हणून सांगते. टायपिंग ११२ पानं, पानाला ₹३०, म्हणजे ₹३,३६०. चार प्रतींची छपाई ₹९००. बाइंडिंग प्रत्येकी ₹३५०, काळं रेक्झिन आणि सोनेरी अक्षरं, ₹१,४००. प्रवास, अर्ध्या तिकिटाच्या कृपेनं, ₹२,१४०. झेरॉक्स आणि प्रती ₹६४०. ती अनामत ₹५००. आणि विलंबशुल्क ₹५००, कारण एप्रिलमध्ये लोकसभेच्या निवडणुकीचं प्रशिक्षण लागलं आणि ७ मेच्या मतदानाच्या आधी मान वर करायला वेळ मिळाला नाही. शेवटची तारीख चुकली ती चुकलीच. एकूण ₹९,४४०. जेवणखाण मावसबहिणीचं, ते कुठल्या हिशेबात धरू?

बाइंडिंगवाल्याकडे प्रती घ्यायला गेले तेव्हा मुखपृष्ठावर 'वाङ्मय' ऐवजी 'वाडमय' छापलेलं. चारही प्रतींवर, सोनेरी. तो म्हणाला, "मॅडम, असंच लिहितात सगळे." शेजारी एक काका लग्नपत्रिका छापून घेत होते, त्यांनीही मान डोलावली. मी बाकावर बसले आणि म्हटलं, दुरुस्त झाल्याशिवाय उठणार नाही. दोन तास लागले. मराठीचे पाणिनी आत पान २३ वर होते, आणि त्यांच्या डोक्यावर 'वाडमय' घेऊन मी जाणार नव्हते.

मौखिकी २२ जून २०२४, शनिवार. सकाळी दहाची वेळ, माझा नंबर आला पावणेतीनला. डबा खाऊन घ्या, रांगेत उपाशी राहू नका. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. त्यांनी प्रत उलटसुलट केली, संदर्भसूची बघितली (परीक्षक आधी तीच बघतात) आणि दोनच प्रश्न विचारले. पहिला, "या सभांतून शिक्षक-प्रशिक्षणाला नेमकं काय मिळालं?" याचं उत्तर माझ्याकडे पाठ होतं, पण पाठ केलेलं पुन्हा पुसलं गेलं, २००५ सारखंच. मग मी दादोबांच्या दोन खुर्च्यांबद्दल सांगायला लागले, तिथून व्हरांड्यातल्या फळ्यांवर आले, आणि किती वेळ बोलले मला कळलं नाही. सरांनी खुणेनं थांबवलं.

दुसरा प्रश्न परीक्षकांनी चष्मा काढून विचारला. "तुम्ही स्वतः कधी वादविवादात बोलला आहात का?"

मी सगळं सांगितलं. दूरदर्शन, दोनशे डोळे, दोन शब्द. ते मोठ्यानं हसले आणि गुणपत्रिकेवर काहीतरी लिहिलं.

जुलैच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांनी मला दहा मिनिटं दिली. त्यातली दोन यू-डायसची माहिती कुणाची राहिली आहे हे विचारण्यात गेली. उरलेल्या आठ मिनिटांत मी १८४९ ची शाळा सांगितली. गेल्या भरतीत लागलेला एक तरुण गुरुजी मागच्या बाकावरून म्हणाला, "पण मॅडम, दुसऱ्याच्या घराच्या भिंतीला खिळा ठोकायची परवानगी कशी मिळवली असेल हो? आमच्या शाळेत अजून मंजुरी आली नाही."

सगळे हसले. त्या दिवशीच्या इतिवृत्तात, मी मुद्दाम बसून बघितलं, हा प्रश्न आणि त्याच्या शाळेचं नाव दोन्ही लिहिलं गेलं.

निकाल ऑगस्टमध्ये लागला. गुणपत्रकावर माझं नाव बरोबर आहे, वडिलांच्या नावातला एक काना गेला आहे, त्याचा अर्ज दिला आहे आणि पोच घेतली आहे. ₹५०० अनामत अजून त्या ग्रंथालयाकडेच आहे. फोन केला तर म्हणतात, पावती घेऊन समक्ष या. ह्यांचं म्हणणं, पाचशे रुपयांसाठी मुंबईला कोण जातं? मी म्हटलं, 'ज्ञानप्रसारक'चे काही अंक वाचायचे राहिलेत. दिवाळीच्या सुट्टीचं तिकीट काढून ठेवलं आहे, अर्धं.